सगळी घरचीच माणसं

सकाळपासून किशनरावांचं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. ऑफिसात यायचे, पंखा लावायचे, बंद करायचे, पुन्हा फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघायचे. मानवतजवळचं त्यांचं जिनिंग धडधडत होतं, पण कापसाकडं बघायला मन थाऱ्यावर पाहिजे ना! विमा कंपनीचे साहेब यायचे होते.

झालं होतं असं. जिनिंगमध्ये धम्मशीलाचा उजवा हात यंत्रात गेला, बोटं तुटली. तिच्या पोरानं, सिद्धोधननं, कोर्टात भरपाईचा दावा लावला. किशनराव आधी लय भडकले. "घरचं माणूस कोर्टात जातं का?" मग आठवलं, कामगारानं दावा केला तर भरपाई कंपनीनं द्यायची, असा विमा आपण उतरवलाय. जीव भांड्यात पडला.

पण कंपनीनं हात आखडता घेतला. विमा उतरवताना एजंट हरिओमनं विचारलं होतं, "काका, कामगार किती?" आणि हे छाती फुगवून म्हणाले होते, "हंगामाचे हमाल तेवढे कामगार. बाकी सगळी घरचीच माणसं हायत." त्या शहाण्यानं तसंच कळवलं. आता घ्या! मालकाच्या घरच्यांना हा विमा लागूच नाही. हजेरी दाखवावी तर हजेरी नव्हतीच. घरच्या माणसांची हजेरी कोण मांडतं?

"साहेब बाईलाच विचारणार हायेत," हरिओम म्हणाला. "तुमी मधी बोलू नका, काका. कामगार म्हणली तर वाचलो. घरची म्हणली तर जिनिंग विकायची पाळी."

हीच तर धास्ती होती. दावा पोराचा, ती स्वतः भिडस्त. आजवर पाहुण्यांपुढं किशनराव "ही आमच्या घरचीच" म्हणायचे आणि ती पदर सावरत हसायची. आजही तसंच म्हणाली तर? बाई, एवढ्या बारीला माझा मान ठेवू नको, ते मनात विनवत होते.

साहेब आले. धम्मशीला आली. साहेबांनी खुर्ची पुढं केली, तेव्हा ती तिच्या कडेला टेकली.

"बाई, तुम्ही किशनरावांच्या घरच्या का?"

ती हसली, नेहमीसारखंच.

"मालक म्हणतेत तसं. त्येंची माया हाय."

मेलो, किशनराव मनात म्हणाले.

"पण नातं काय? घरात येणं-जाणं, जेवणखाण?"

"न्हाई बा," ती म्हणाली. "त्येंचं घर मी भायरूनच बघितलंय. दिवाळीची साडी बी ओट्याच्या खाली उभं राहूनच घेती." बोलण्यात राग नव्हता. विचारलं, तिनं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही कामगार."

"व्हय की. कामगारच."

साहेबांनी लिहून घेतलं. "झालं किशनराव. आता कंपनी भरपाई देईल."

हरिओमनं टेबलावर थाप मारली. "काका, सुटलो!"

हवं होतं तेच घडलं होतं, तरी किशनरावांना कसंतरीच झालं. मान वर होईना. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी ऑफिसातलं चहापाणी बघणाऱ्या बायनाबाईला चहा आणायला सांगितला.

चहा आला. तीन कपबशा आणि एक कागदी पेला. बायनाबाईला काही सांगावं लागलं नव्हतं. किशनरावांनी आपली कपबशी धम्मशीलापुढं सरकवायला हात उचलला, तोवर तिनं डाव्या हातानं पेला उचललासुद्धा होता.