हात लावून वळायचा जार

ज्याच्यापाशी धापा टाकत पोचायचे, ज्याला हात लावायचा आणि लगेच पाठ फिरवायची, असा मी एक जुना पाण्याचा जार आहे, मित्रांनो. अंग निळे, झाकण पांढरे, पोटाशी एक तोटी. झाकण आता पिवळट पडले आहे आणि तोटी जरा जास्त फिरवली, तर ठिबकत राहते. पण मी अजून गळत नाही. एवढे तरी स्वतःबद्दल चांगले बोलून घेतो, कारण दुसरे कोणी बोलायला येईल असे दिसत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम प्लॅस्टिक साच्यात घातले, दोन भिंतींच्या मध्ये फेस भरला आणि झालो मी तयार. त्या फेसामुळे बाहेर कितीही ऊन तापले तरी माझ्या पोटातले पाणी गार राहते. दुकानात मला सर्वांत वरच्या फळीवर बसवले होते. खालचे मग आणि बादल्या भराभर विकल्या जात. माझ्याकडे बघून लोक "केवढा मोठा आहे हा!" म्हणत आणि पुढे सरकत. एवढी माणसे ज्याच्या घरी असतील असे गिऱ्हाईक काही येईना. शेवटी एका शाळेचे खेळाचे सर आले आणि मला काखेत मारून घेऊन गेले.

शाळेतले दिवस सुखाचे होते. मधली सुट्टी झाली, की मुलांची झुंबड माझ्याभोवती उडे. "तोटीला तोंड लावू नका रे, पेल्यानं प्या!" असे सर ओरडत, आणि सरांची पाठ वळली, की मुले तोटीलाच तोंड लावत. मला त्याचा राग येत नसे. पुढे शाळेत भिंतीवर गार पाण्याचे यंत्र बसले आणि माझी रवानगी खेळाच्या खोलीत, हवा गेलेल्या चेंडूंच्या शेजारी झाली. माझ्या पोटात एक कोळी राहायला आला. भाडेकरू सज्जन होता, पण गप्पा मारणाऱ्यांतला नव्हता. अशी बरीच वर्षे गेली.

सर निवृत्त झाले, त्या दिवशी गळ्यातला हार हातात घेऊन ते त्या खोलीत आले. इकडेतिकडे बघितले, माझ्यावरची धूळ रुमालाने पुसली आणि शिपायाला म्हणाले, "हा नेऊ का रे मी?" शिपाई म्हणाला, "न्या की सर, कोण विचारतंय त्याला!" बोलणे खरे होते, म्हणूनच लागले.

घरी बसून सरांना करमेना. त्यांनी मैदानाच्या कुंपणाला एक पाटी लावली, "जन्मात कधी पळाला नसाल, तर रविवारी या." पहिल्या रविवारी माणसे आली ती कशी? कोणाची पँट घरची, कोणाचे बूट लग्नातले. दातांचे एक डॉक्टर होते. ते दोन मिनिटे पळून पाच मिनिटे बोलत. एक नणंद-भावजय होत्या. त्या पळताना इतक्या बोलत, की धाप नक्की कशाने लागते ते कळायला मार्ग नव्हता. सगळ्यांनी मिळून ठरवले, की उन्हाळा संपता संपता आपल्या शहरात होणारी अर्धमॅरेथॉन पळायची. एकवीस किलोमीटर! ऐकूनच अर्ध्याजणांच्या तोंडचे पाणी पळाले.

सरांनी त्यांना एक रीत घालून दिली. पहाटे सर स्कूटरवरून मला पुढे नेऊन रस्त्याकडेच्या एखाद्या कट्ट्यावर ठेवत. पळत यायचे, पाणी प्यायचे, मला हात लावायचा आणि वळायचे. वळण म्हणजे मी. "किती किलोमीटर झाले ते मोजत बसू नका. जार दिसला की हात लावा, वळा," असे सर सांगत. दर आठवड्याला ते मला थोडे आणखी पुढे ठेवत. आधी पोस्टापाशी, मग पेट्रोलपंपापाशी, मग पुलाखाली. सगळे परत गेले, की सर येत आणि मला उचलून नेत.

मित्रांनो, हे ऐकायला मजेचे वाटते. पण मी तिथे एकटा असे. दिवे विझत, दूधवाला जाई, एखादे कुत्रे येऊन मला हुंगे. मग पावले वाजत, गर्दी होई, "आला रे आला, जार आला!" असा गलका होई आणि पाच-दहा मिनिटांत सगळ्यांच्या पाठी दिसू लागत. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला लवकरात लवकर परत जायचे असे.

फक्त एक बाई तशा नव्हत्या. त्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचे काम करत, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाल्या ताई म्हणत. त्या सर्वांत शेवटी येत. बाकीचे वळून दिसेनासे झाले, की बऱ्याच वेळाने त्यांची पावले ऐकू येत, एक पाय जरा ओढत टाकलेली. कट्ट्याशी येऊन त्या पहिल्यांदा श्वास घेत आणि मग मला म्हणत, "काय रे, एकटाच?"

मला असे कोणी कधी विचारले नव्हते.

त्या माझ्याशी बोलत, कारण तिथे दुसरे कोणी नसे. "आईला पहाटेची गोळी द्यायची असायची," एकदा त्या म्हणाल्या. "दहा-बारा वर्षं दिली. आता आई नाही, गोळी नाही, पण जाग येते ती येतेच. मग करायचं काय त्या वेळी? आले पळायला." आणखी एकदा म्हणाल्या, "ही शर्यत मला पुरी करायचीय बघ. आजवर जे केलं ते कोणासाठी तरी केलं. हे एक माझं." मग पेला विसळून जागेवर ठेवत, झाकणावर हात टेकत आणि वळत.

त्या येईपर्यंत माझ्या पोटात काही शिल्लक असेलच, याची खात्री नसे. पुढे येणारे पोटभर पीत, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण डॉक्टरसाहेब दोन पेले डोक्यावर ओतत. नणंद-भावजय तोंड धूत, मान धूत, रुमाल भिजवून घेत. उन्हाळा वाढत गेला तसा हा स्नानसोहळाही वाढत गेला. ताईंना कधी अर्धा पेला मिळे, कधी मला तिरके करून घोटभर मिळे. एकदा तेवढेही नव्हते. "असू दे," त्या म्हणाल्या, आणि मला हात लावून वळल्या. मैदानावर जाऊन त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते. पण ज्यांना सवयच नसते, ते सांगत नाहीत.

शर्यतीआधीचा सर्वांत लांबचा रविवार आला. त्या दिवशी सरांनी मला शहराबाहेरच्या लाकडाच्या वखारीपुढे ठेवले. मैदानावर त्यांनी सगळ्यांना एवढेच सांगितले होते, की जार आज खूप लांब आहे, घाबरू नका, रस्ता सरळ आहे. चष्मेवाल्या ताईंचा गुडघा आदल्या आठवड्यात दुखावला होता. त्यांना सर मायेने म्हणाले होते, "ताई, तुम्ही दमाल तिथून वळा हं. उगीच हट्ट नको."

ऊन लवकर चढले. पुढचे सगळे आले, प्यायले, न्हाले, हात लावून गेले. माझी तोटी सूं करून कोरडी पडली. मी रस्त्याकडे बघत राहिलो. आता त्या येतील आणि मी त्यांना काय देऊ, ह्याच विचाराने जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात दुसऱ्याच बाजूने, आतल्या रस्त्याने, सरांची स्कूटर आली. मागच्या सीटवर डॉक्टरसाहेब होते. त्यांच्या पोटरीत गोळा आला होता, म्हणून सरांनी त्यांना वाटेत उचलले होते.

"मागे कोणी राहिलं नाही ना?" सरांनी विचारले.

"कोणी नाही. चष्मेवाल्या ताई मला अर्ध्या वाटेवर पाय ओढत येताना भेटल्या होत्या, तिथूनच वळल्या असणार. तुम्हीच सांगितलं होतंत ना."

"हां, बरोबर," सर म्हणाले आणि त्यांनी मला उचलले.

मित्रांनो, मला तोंड नाही, एक तोटी आहे. तीही त्या वेळी कोरडी. डॉक्टरांना लवकर घरी पोचवायचे म्हणून सरांनी परत तोच जवळचा आतला रस्ता धरला. स्कूटर वळताना मला मोठ्या रस्त्यावर, लांब, एक ठिपका दिसला. एक पाय ओढत येणारा.

मैदानावर सगळे केळी खात बसले होते. पहिल्यांदाच एवढे लांब पळालो म्हणून एकमेकांच्या पाठी थोपटत होते. मला कुंपणाशी ठेवले होते. माझ्या डोक्यावर खिळ्याला एक कापडी पिशवी लटकत होती. त्यात ताईंच्या चपला, किल्ल्या आणि मोबाइल होता. एकेक जण आपापली पिशवी घेऊन घरी जाऊ लागला. शेवटी ती एकच पिशवी उरली. तिच्यातला मोबाइल दुकानातून आलेल्या फोनने वाजला, थांबला, परत वाजला, तेव्हा सरांनी मान वर केली. पिशवी बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "अहो, ही बाई आहे कुठे?" असे म्हणत त्यांनी मला तसेच स्कूटरला अडकवले आणि निघाले.

वखारीशी कोणी नव्हते. सर पुढे गेले. विटांची भट्टी गेली, वजनकाटा गेला, घरे संपली. तिथून बरेच पुढे, एका बंद गॅरेजच्या सावलीत, चष्मेवाल्या ताई पाय पसरून बसल्या होत्या. ओठ सुकलेले, चेहरा वाळलेल्या घामाच्या मिठाने पांढरा.

"इतक्या पुढे कशाला आलात हो ताई?" सरांचा आवाज चढला. तो रागाने नव्हे, भीतीने.

"जार दिसेना," त्या म्हणाल्या. "दर वेळी पुढे असतो. म्हटलं, अजून पुढे असेल. हात लावल्याशिवाय कसं वळायचं?"

सरांनी घाईने पेला काढला, माझ्या तोटीखाली धरला आणि तोटी फिरवली. दोन थेंब पडले. सरांनी मला तिरके केले, हलवले. आणखी एक थेंब पडला. मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"राहू द्या सर," ताई म्हणाल्या. त्यांनी हात लांब करून माझ्या झाकणाला टेकवला. "हं. आता वळते."

त्या दिवशी पाण्याचा थेंबही न घेता त्या वळणाच्याही कितीतरी पुढे पळाल्या होत्या. ते कोणी पाहिले नाही. परतताना त्या स्कूटरवर मागे बसल्या आणि मला त्यांनी मांडीवर धरले. वाऱ्यात सरांना ऐकू गेले नाही, पण त्या रडत होत्या. माझ्या पोटात पाणी नव्हते आणि झाकणावर मात्र पडत होते. वाटेत एका टपरीवर सरांनी त्यांना पाणी दिले, माफी मागितली. "तुमची चूक नाही," ताई म्हणाल्या. "मीच वाट बघणारं कोणी असेल असं धरून चालले होते."

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. सर त्यांच्या दुकानात जाऊन आले. ताईंनी हसून त्यांच्या चष्म्याचा ढिला स्क्रू घट्ट करून दिला, पण मैदानावर येईन असे म्हणाल्या नाहीत. सरांनी गटात सर्वांना खडसावले. डोक्यावर पाणी ओतणे बंद झाले. शेवटचा माणूस येईपर्यंत मला कोणी हलवायचे नाही, असा नियम झाला. नियम चांगला होता. फक्त ज्यांच्यासाठी केला, त्या त्यात नव्हत्या.

शर्यतीच्या दिवशी सरांनी शेवटच्या टप्प्यावर पाणी द्यायची जागा मागून घेतली. मला काठोकाठ भरून टेबलावर ठेवले. माणसांचा लोंढा आला आणि गेला. डॉक्टरसाहेब आले, नणंद-भावजय आल्या, तेव्हाही बोलतच होत्या. सरांनी सगळ्यांना शेजारच्या टेबलावरच्या बाटल्या दिल्या, मला हात लावू दिला नाही. हळूहळू रस्ता रिकामा झाला. शेजारची टेबले मिटली. दोऱ्या गुंडाळणारी माणसे आली. "काका, उचला आता, रस्ता सोडायचाय," ती म्हणाली.

"एक जण यायचंय अजून," सर म्हणाले आणि माझ्यापुढे उभे राहिले.

आणि खरेच ताई आल्या. मागे पडलेल्यांना गोळा करत येणाऱ्या ट्रकच्या थोड्याच पुढे. एक पाय ओढत, पण थांबत नव्हत्या. माझा जीव अक्षरशः भांड्यात पडला. सरांनी पेला भरला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

ताईंच्या कमरेला एक पट्टा होता आणि त्यात स्वतःची छोटी बाटली होती.

"आहे माझ्याकडे, सर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्या सरांकडे बघून हसल्यादेखील. पण मला त्यांनी हात लावला नाही. त्यांना आता वळायचे नव्हते. त्या तशाच पुढे गेल्या आणि थोड्या वेळाने लांबून टाळ्या ऐकू आल्या. फार नाही, चार-सहा माणसांच्या. त्यांनी शर्यत पुरी केली होती.

सर पेला धरून कितीतरी वेळ उभे होते. मग त्यांनी तो परत माझ्यात ओतला. त्या दिवशी मी भरलेलाच घरी आलो. एवढे जड मला पुन्हा कधी वाटले नाही.

आता मी सरांच्या जिन्याखाली असतो. रविवारी बाहेर निघतो आणि भिंतीशी, कट्ट्याशी वाट बघत बसतो. माझ्यात पाणी पुरते, उरते. मित्रांनो, तुम्ही कुठेही सर्वांच्या आधी पोचलात, तर खुशाल पाणी प्या. फक्त पेला ठेवण्याआधी ज्या रस्त्याने आलात, त्या रस्त्याकडे एकदा बघा. कोणी येताना दिसले तर थांबा. आणि कोणी दिसले नाही, तरी थोडे थांबा.