अर्धवट चढलेला सूर

“रॉक अँड रोल ही विसाव्या शतकातली सगळ्यात मोठी क्रांती आहे!” रंगनाथ निमसे म्हणाले आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

टेबल घडीचं होतं. त्याचा एक पाय मिटला आणि निवडून ठेवलेली मेथी, चष्म्याचं घर आणि भाषणाचे सतरा कागद एकदमच फरशीवर आले.

“क्रांती तुम्ही उचला,” वत्सलाबाई म्हणाल्या. “मेथी मी उचलते.”

रंगनाथांनी कागद गोळा करून अनुक्रमे लावले. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं लेथ चालवला होता आणि त्यातली बावीस वर्षं संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली होती. लेथवरच्या कामाबद्दल निवृत्तीच्या वेळी त्यांना घड्याळ मिळालं. गिटारबद्दल कोणी काही दिलं नाही. पण आज संध्याकाळी कॉलनीच्या वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं. विषय, ‘रॉक अँड रोलची मिश्र मुळं’. वाचनालयाच्या फळ्यावर तो ‘मिश्र मुळे’ एवढाच लिहिला गेल्यामुळे तिघांनी आयुर्वेदाच्या अपेक्षेनं चौकशी केली होती.

“ऐक ना. इथून पुढचं महत्त्वाचं आहे.”

“ऐकतेय.”

“कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांची आरोळी. त्यांच्या चर्चमधल्या टाळ्या. जहाजातून आलेल्या गोऱ्या डोंगरी शेतकऱ्यांचं व्हायोलिन. हवाई बेटांवरून आलेली, तारेवर पट्टी घसरवत वाजवायची तऱ्हा. ज्या देशात या माणसांना एका बाकावर बसायची बंदी होती, तिथे ही सगळी एका गाण्यात जाऊन बसली!” रंगनाथ इथे नेहमी थांबत आणि नेहमी त्यांचा आवाज जरा घोगरा होई. “हॉटेलांना दारं वेगळी, नळ वेगळे. पण रेडिओला दुसरं दार कुठून काढणार? गोऱ्यांची पोरं पांघरुणात रेडिओ घेऊन काळ्यांची गाणी ऐकायची. काळ्यांची पोरं गोऱ्यांची. कोणी कोणाचं काय उचललं, याचा पत्ता उचलणाऱ्यालाही नव्हता.”

“छान आहे,” वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांनी हे अठराव्यांदा ऐकलं होतं आणि त्यांना ते खरोखरच छान वाटत होतं. “पण मग ते अकराव्या पानावर पेठला कसं पोचतं?”

पेठला पोचणं हाच तर सगळा मुद्दा होता.

गेल्या मार्गशीर्षात रंगनाथ एका जुन्या सहकाऱ्याबरोबर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर डोंगऱ्या देवाच्या उत्सवाला गेले होते. तिथे भिका भोये नावाचा, साठीचा, हंगामात मजुरीलाही जाणारा एक भातशेतकरी पावरी वाजवत होता. दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे शिंगाचा भोंगा. गाल फुगवून, श्वास न तोडता तो वाजवत होता आणि त्याच्याभोवती माणसं गोल धरून नाचत होती. तिसरी चाल सुरू झाली आणि रंगनाथांच्या हातातला चहा हातातच राहिला. एका इंग्रजी गाण्याच्या सुरुवातीची जी गत ते तरुणपणी कॅसेट झिजवून शिकले होते, तीच ही. सूर न् सूर तीच. फरक एवढाच, की जिथे इंग्रजी गाणं सरळ वरच्या सुरावर चढतं, तिथे भिकाची पावरी अर्धवट चढून बसत होती. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी.

रंगनाथांनी ते फोनवर टिपलं, घरी येऊन दोनशे वेळा ऐकलं आणि निष्कर्ष काढला. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाचा सूर जगभर एकच असतो. अमेरिकेतलं गाणं ही त्याची नंतरची, घासूनपुसून घेतलेली आवृत्ती. मूळ आपल्या पेठच्या डोंगरात अजून जिवंत आहे. पान अकरा ते सतरा.

आणि हे सिद्ध झालं, की आणखी एक गोष्ट आपोआप सिद्ध होणार होती. वाचनालयाचे अध्यक्ष गेली वीस वर्षं प्रत्येक गणेशोत्सवात रंगनाथांची ओळख करून देताना म्हणत, “पाश्चात्त्य संगीताची हुबेहूब नक्कल करणारे आपले निमसे!” ते कौतुकानं म्हणत, त्यामुळे रंगनाथांना रागावताही येत नसे. आज त्यांना सांगायचं होतं, की मी परक्याची नक्कल करत नव्हतो. घरचंच वाजवत होतो.

*

व्याख्यानात पावरी वाजवायला बोलावलेला भिका पेठच्या एसटीनं साडेचारला आला. पावरी त्यानं सुनेच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली होती. वाचनालयाच्या रंगमंचामागच्या खोलीत, जिथे एरवी मोडक्या खुर्च्या ठेवत, तिथे वत्सलाबाईंनी त्याला चहा दिला. त्यानं बशीत ओतून चहा संपवला आणि समोर उघड्या पेटीत ठेवलेल्या रंगनाथांच्या गिटारकडे तो बराच वेळ बघत राहिला.

“ही तीच का, मास्तर?”

“तीच म्हणजे?”

“निफाडची.”

“निफाडची नाही, मुंबईहून आणलेली. ब्याऐंशी साली.”

“तसं नाय.” भिकानं बोट पुसून गिटारच्या कोपऱ्यावर टेकवलं. तिथे सप्तशृंगीचं एक चित्र चिकटवलेलं होतं. देवीचे अठरापैकी आता सात-आठ हात उरले होते. “ह्या देवीमुळं ध्यानात राहिली. शहाऐंशी साल आसंल. आम्ही द्राक्षं खुडायला गेलतो निफाडकडं. मालकाच्या पोराचं लगीन होतं, गोरज मुहूर्ताचं. मांडवात आम्हाला कोण बसवतं? आम्ही बागेच्या बांधावर. तुम्ही वाजवत होते.”

रंगनाथांनी चष्मा काढला.

“बा म्हणला, ही चाल पावरीत बसती. काम चालू होतं तवर रोज दुपारच्या भाकरीला बसवत गेला. मग गावाला नेली. तवापासून नाचात हाय.”

“अहो, पण मी तुम्हाला विचारलं होतं. चाल वाडवडिलांची आहे ना, म्हणून. तुम्ही हो म्हणालात!”

“बाचीच हाय की.” भिका जरा ओशाळला. “आन् तुम्ही येवढ्या हौसेनं विचारत होते. पाव्हण्याला नाय कसं म्हणावं?”

रंगनाथ एका मोडक्या खुर्चीवर, ती मोडकी आहे हे विसरून, अलगद बसले. त्यांना ते लग्न आठवलं. वरात आली नव्हती म्हणून वेळ काढायला त्यांनी ती गत वाजवायला घेतली होती आणि तिसरी तार तुटली. निफाडात गिटारची तार कुठून मिळणार? तो वरचा सूर मग शेजारच्या जाड तारेवर बोटानं ओढून काढावा लागला. बोट पुरं पडेना. सूर अर्धवट चढून बसला. दर वेळी. ऑर्केस्ट्राच्या मालकानं सगळ्यांसमोर झापलं. मांडवातून एकही टाळी पडली नाही, उलट कोणीतरी ओरडलं की गाणं लावा. त्यानंतर लग्नात त्यांनी ती गत पुन्हा कधी काढली नव्हती.

“म्हणजे पान अकरा ते सतरा गेली,” ते म्हणाले.

“मग दहाच वाचा,” वत्सलाबाई म्हणाल्या. “लोकांची काही हरकत असणार नाही.”

व्याख्यानमालेचं काम बघणारी वैष्णवी दारातून डोकावली. “काका, अध्यक्ष विचारतायत, सुरू करायचं का? आज चक्क चाळीस माणसं आहेत.”

ती गेल्यावर भिका हळू आवाजात म्हणाला, “मास्तर, तुम्ही ल्ह्यालंय ते वाचा. मी कोनाला सांगत नाय. माझ्याकून निफाड निघायचं नाय.”

रंगनाथांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं. त्या पदराच्या टोकानं गिटारवरची धूळ पुसत होत्या. देवीच्या चित्राभोवतीची जरा जपून.

*

अध्यक्षांनी हुबेहूब नक्कल करणाऱ्या निमस्यांची ओळख करून दिली. रंगनाथांनी दहा पानं वाचली. रेडिओच्या दाराशी त्यांचा आवाज घोगरा झाला आणि पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मान डोलावली. अकरावं पान वर आलं. त्यांनी पाणी प्यायलं. पुन्हा प्यायलं. मग सातही कागदांची एक घडी करून खिशात घातली.

“पुढे मी जे लिहिलं होतं, ते चूक आहे,” ते म्हणाले. “मला हे अर्ध्या तासापूर्वी कळलं. नाहीतर मी ते फार जोरात वाचलं असतं.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. पाडा, पावरी, निफाड, तुटलेली तार, बांधावर बसलेली माणसं. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की सभागृहात कोणी खोकत नाही.

“अध्यक्ष म्हणतात ते खरं आहे. मी जन्मभर हुबेहूब नक्कल केली. एक संध्याकाळ तेवढी जमली नाही. या भोयेंच्या वडिलांनी नेमकी तीच उचलली.”

लोक हसले. अध्यक्षही हसले, पण जरा उशिरा.

पावरीचा सूर जो असेल तो असतो. ती कुणासाठी चढत-उतरत नाही. म्हणून रंगनाथांनी गिटारच्या तारा एकेक उतरवून तिच्याशी जुळवल्या. रंगमंचावर शेजारी येऊन बसलेल्या भिकानं गाल फुगवले. दोघांनी सुरुवात केली. पहिली ओळ जमली, दुसरी जमली, रंगनाथांचं बोट सराईतपणे वरच्या सुरावर गेलं आणि पावरी थांबली.

“मास्तर, चुकतंय.”

“कुठे?”

“वर जाताय तुम्ही. तिथं अर्ध्यात बसायचं.”

“अहो, मूळ गाण्यात तो सूर पूर्ण वर...”

“आसंल,” भिका समजुतीनं म्हणाला. “पन आमच्याकडं त्या जागंला पाय पडतो. तुम्ही वर गेले, तर नाचणाऱ्यानं पाय टाकायचा कुठं?”

रंगनाथांनी तिसरी तार सोडली आणि शेजारच्या जाड तारेवर बोट ठेवलं. पहिल्यांदा सूर फार चढला. दुसऱ्यांदा चढलाच नाही. चाळीस वर्षं बरोबर वाजवलेल्या बोटाला आता ती चूक येत नव्हती. भिका पावरी मांडीवर घेऊन, नव्या पोराला शिकवताना वाट बघतात तसा वाट बघत होता. तिसऱ्यांदा रंगनाथांनी डोळे मिटले, बोट ओढलं आणि दमेपर्यंत ओढून तिथेच सोडलं.

“हां,” भिका म्हणाला. “आता बसलं.”

पावरी पुन्हा सुरू झाली. चाल गोल फिरायला लागली. कडेच्या रांगेत कुणाची तरी चप्पल फरशीवर पडू लागली, नेमकी त्या जागेला. मग आणखी दोघांची. अध्यक्षांचा एक बूट त्यांच्या नकळत हलत होता. वत्सलाबाई सरळ उभ्या राहिल्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं, आणि उभ्याच राहिल्या. रंगनाथांचे डोळे भरून आले होते. दोन्ही हात गुंतल्यामुळे पुसता येईनात. एक फेरी संपली तसा त्यांनी उजवा हात क्षणभर सोडला. त्या हातानं डोळे पुसायचे सोडून त्यांनी शेजारच्या अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवलं आणि गिटारचा आवाज वाढवला. खिडकीची तावदानं थरथरली. मागून कोणीतरी शिट्टी मारली.

पावरी पुन्हा सुरू केल्यापासून भिकानं एकदाही श्वास तोडला नव्हता. त्यानं पावरी ओठांपासून काढली, दम घेतला आणि रंगनाथांच्या कानाशी वाकून अदबीनं म्हणाला,

“मास्तर, जरा बारीक करा ना. मला माझंच ऐकू येईना.”