कुणाची काही तक्रार?

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शाळेत मुलं सोडून सगळी वस्ती हजर असते. कुणी बाकांना रंग देतं, कुणी पाण्याची टाकी घासतं, कुणी खिडक्यांना नवे पडदे लावतं, आणि ज्यांना काहीच येत नाही ते कमरेवर हात ठेवून बाकीच्यांना सूचना देतात. या शेवटच्यांचीच गर्दी जास्त असते.

हे सगळं आटोपलं की बसची फेरी. ही या शाळेची जुनी रीत. पूर्वी कधीतरी एक आई रोज येऊन सांगायची की तिच्या मुलाच्या सीटचा खिळा वर आलाय. तेव्हाचे मुख्याध्यापक वैतागून म्हणाले, "तुम्हीच बसून बघा ना." ती बसली, आणि साडी फाडून घेऊन उठली. तेव्हापासून शाळा उघडायच्या आधी आईबापांनी आपापल्या मुलाच्या सीटवर बसायचं, बस सगळ्या थांब्यांवरून फिरवून आणायची, आणि शेवटी ड्रायव्हरनं दाराशी उभं राहून विचारायचं, "कुणाची काही तक्रार?" तक्रार कुणाचीच नसते. मग टाळ्या आणि चहा.

मावशीला दरवर्षी या फेरीची हौस असे. बसमध्ये मुलांना चढवणं, उतरवणं आणि घंटी मारणं हे तिचं काम. मुलं तिला मावशी म्हणत म्हणून आईबापही मावशी म्हणत, आणि बसमध्ये असेपर्यंत तिचा नवराही तिला मावशीच म्हणे. कारण बसचा ड्रायव्हर म्हणजे तिचा नवराच. त्याला मुलं कॅप्टन म्हणत. मिशा तशा होत्या आणि रुबाबही तसाच. इतक्या वर्षांत त्यानं बसला ओरखडा म्हणून उमटू दिला नव्हता, आणि ही गोष्ट तो कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

या वर्षी मात्र सकाळपासून मावशीचं कशातच लक्ष नव्हतं. पडद्यांना हात लावला तर सुई बोटात घुसली. चहा केला तर साखर दोनदा पडली.

झालं होतं असं. सुट्टीत एकदा कॅप्टन दाराशी चहा पीत बसला होता. ती आतून काहीतरी विचारत होती आणि हा उत्तर देईना. बाहेर येऊन बघते तर डोळे उघडे, हातातला कप तिरका, आणि गरम चहा धारेनं मांडीवर सांडतोय. आणि याला त्याचं काहीच नाही. तिनं खांदा हलवला तेव्हा तो दचकला आणि म्हणाला, "काय म्हणालीस?" मांडी भाजल्याचं त्याला त्यानंतर कळलं.

पुढे एकदा दाढी करताना तसंच झालं. नळ वाहतोय, वस्तरा गालाशी, आणि हा आरशात बघतोय. म्हणजे आरशाकडे तोंड आहे, एवढंच.

"डुलकी लागली असेल," तो म्हणाला.

"अहो, डुलकी काय उघड्या डोळ्यांनी लागते?"

"अगं, वय झालं. कुणाला बोलू नकोस. एकदा शाळा सुरू होऊ दे, मग दाखवू डॉक्टरला."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनंही स्वतःला बजावलं. फाटकामागची त्यांची खोली शाळेची, ओळखीची माणसं शाळेची, आणि बस काढून घेतली तर या माणसाचं उरणार काय? मिशा. पण रात्री डोळा लागेना. शेवटी तिनं मनाशी एक सौदा केला. उद्याच्या फेरीत काही झालं नाही, तर गप्प बसायचं. झालं, तर... त्याच्या पुढचं तिनं ठरवलंच नाही.

फेरीला नेहमीसारखी धमाल होती. मोठी माणसं लहान सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. जाडजूड बेकरीवाला मुलाच्या सीटवर बसला तो अडकलाच. "मावशी, मला उतरवायला आता क्रेन बोलवा," तो ओरडला आणि सगळी बस खदखदून हसली. मुख्याध्यापिका बाई मागच्या सीटवर बसून सगळ्यांना मुलांसारखं दटावत होत्या.

पहिल्या सीटवर, खिडकीशी, एक नवी आई बसली होती. तिची मुलगी उद्या पहिल्यांदाच शाळेत जाणार होती. ही टपाल वाटायची, त्यामुळे रस्ता तिला पाठ होता, तरी ती सारखी मान उंचावून बघत होती.

"मावशी, माझी पोर जरा भित्री आहे हो," ती म्हणाली. "तिला इथेच बसवा, पुढे. तुमच्या नजरेसमोर राहील, आणि कॅप्टनच्या मागे म्हटल्यावर मला घोर नाही."

मावशी हसली. म्हणजे ओठ तेवढे ताणले.

तिनं घंटीची दोरी ओढली. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोन वाजल्या आणि बस निघाली.

ती दाराशी दांडा धरून उभी राहिली. नेहमी तिचं तोंड मुलांकडे असे. आज ते कॅप्टनकडे होतं. त्यानं पहिला थांबा घेतला, दुसरा घेतला, वळणावर हात बाहेर काढून मागच्याला खूण केली. आरशात एका बापाला डोळाही मारला. प्रत्येक थांब्यानंतर तिचा जीव थोडा थोडा खाली बसत होता. हे आपल्याच मनाचे खेळ आहेत, असंही तिला वाटून गेलं.

लाकडाच्या वखारीपासून पुढे रस्ता उतरतो आणि खाली कालव्याचा पूल लागतो. पुलाआधी डावीकडे वळण आहे. समोर गुडघाभर उंचीचा कठडा, आणि कठड्यापलीकडे पाणी.

वखारीपाशी तिनं सवयीनं एक घंटी मारली. तिथे थांबा होता. बस थांबली नाही.

तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मागे गाणं चाललं होतं, बेकरीवाला ताल धरत होता. तिनं परत दोरी ओढली. बस उताराला लागली. तिनं कॅप्टनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे उघडे होते. हात चाकावर होते. आणि तो तिथे नव्हता.

"अहो," ती म्हणाली. आवाज फुटेना. "अहो!"

कठडा जवळ येत होता. बस काही भरधाव नव्हती. आपली गडगडत, निवांत चालली होती, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. मागे कुणाला पत्ताच नव्हता. पहिल्या सीटवरची आई मागे वळून कुणालातरी मुलीचं नवं दप्तर कसं आहे ते सांगत होती.

मावशीनं दांडा सोडला, पुढे झेपावली, त्याचा खांदा गदागदा हलवला. काही नाही. घंटी हलवल्यासारखं डोकं नुसतं हललं. पुढच्या काचेत आता रस्ता दिसत नव्हता, फक्त कठडा आणि पाणी. तेव्हा तिच्या तोंडून ते नाव निघालं, जे तिची सासू हयात असताना त्याला दुपारी जेवायला हाक मारायला वापरायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं.

"बाळ्याऽऽ!"

कॅप्टनचा पाय ब्रेकवर पडला. सगळी बस पुढे आदळली, डोकी सीटच्या दांड्यांवर आपटली, पिशव्या घरंगळल्या. बस थांबली. कठडा आणि बसचं नाक यांच्यामध्ये एखादं माणूस अंग चोरून उभं राहिलं असतं, एवढीच जागा उरली होती. त्याच वेळी कठड्याच्या कडेला झोपलेलं एक कुत्रं उठलं आणि शेपूट घालून पळालं.

मग बेकरीवाला ओरडला, "अरे, कुत्रं! कुत्र्यासाठी दाबला ब्रेक!"

"वाचलं बिचारं!"

"आणि बाळ्या कोण हो, मावशी?" कुणीतरी मागून विचारलं, आणि मग काय विचारता, हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कपाळाला टेंगूळ आलेलेसुद्धा हसत होते. "शाब्बास, बाळ्या!" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण कशावर टाळ्या वाजवतोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्या मुक्या जनावरानं उठून पळण्यापलीकडे काही केलं नव्हतं, त्यानं कॅप्टनची अब्रू राखली होती.

कॅप्टननं मावशीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तोच प्रश्न होता, काय म्हणालीस? मग त्याला समोरचा कठडा दिसला. त्याच्या कपाळावर घाम फुटला. त्यानं तो बाहीनं पुसला, बस मागे घेतली, आणि बाकीची फेरी इतकी सावकाश पुरी केली की सायकलवाले पुढे निघून गेले. लोकांना त्याचंही कौतुक वाटलं.

मावशी दोन्ही हातांनी दांडा धरून उभी होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. बाईंना बाजूला घेऊन सांगावं? पण बाईंभोवती पाचपन्नास माणसं. घरी गेल्यावर त्यालाच समजवावं? घरी गेलं की तो समजूत घालणार आणि ती घालून घेणार, हे तिला पक्कं माहीत होतं. सुट्टीभर तेच झालं होतं. आणि उद्या सकाळी याच खिडकीशी ती भित्री पोर बसणार, नवं दप्तर मांडीवर घेऊन.

बस शाळेच्या आवारात थांबली. माणसं उतरली, बेकरीवाल्याला दोघांनी ओढून काढलं, चहाचे पेले मांडले गेले. कॅप्टन रीतीप्रमाणे दाराशी उभा राहिला. मिशीवरून हात फिरवायला तो विसरला.

"कुणाची काही तक्रार?" त्यानं विचारलं.

टाळ्यांसाठी हात वर आलेच होते. त्यातला एक हात जरा जास्तच वर होता.

"माझी आहे," मावशी म्हणाली.

पुन्हा हशा. "अहो, घरचं भांडण घरी!" बेकरीवाला म्हणाला. "बाळ्यानं भांडी घासली नाहीत वाटतं!"

मावशीला आयुष्यात कुणी चारचौघांत बोलताना पाहिलं नव्हतं, आणि तिनं बोलायला घेतलं ते हे.

"उद्यापासून गाडी यांना देऊ नका," ती म्हणाली. "यांची मधेच शुद्ध जाते. डोळे उघडे असतात, पण शुद्ध नसते. घरी झालंय. आज पुलापाशी झालं. मी सुट्टीभर लपवून ठेवलं."

हसू एकेक करून थांबलं. मुख्याध्यापिका बाई पुढे आल्या.

"मावशी, काय बोलताय तुम्ही? त्यांनी किती वेळेवर ब्रेक दाबला! आमच्यापैकी एकाला तरी ते कुत्रं दिसलं होतं का?"

"तेच तर," बेकरीवाला म्हणाला. "नजर बघा त्यांची. बोला ना, कॅप्टन. दिसलं ना कुत्रं?"

सगळे कॅप्टनकडे बघायला लागले. मावशीही. हो म्हटलं की संपलं, हे तिला कळत होतं. त्याला नुसती मान हलवायची होती. मग बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं म्हणून लोक चहाकडे वळणार, आणि उद्या सकाळी बस निघणार. कुठली भीती जास्त, तो हो म्हणेल याची की नाही म्हणेल याची, हे तिला सांगता आलं नसतं.

कॅप्टन बराच वेळ गप्प राहिला. इतका, की ती त्याचे डोळे तपासायला एक पाऊल पुढे आली.

"आहे मी," तो तिला हळूच म्हणाला. मग लोकांकडे वळला.

"मला कुत्रं दिसलं नाही," तो म्हणाला. "पूलही दिसला नाही. वखारीपासून पुढचं मला काही आठवत नाही. हिच्या हाकेनं जागा झालो."

चहाचा पेला कुणाच्यातरी हातून पडला. टपालवाली आई बसच्या पायरीवर मटकन खाली बसली. तिनं पहिल्या सीटकडे पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. बाई म्हणाल्या, "आपण... आपण आधी डॉक्टरांकडे जाऊ. आत्ताच. बसचं बघू नंतर."

कॅप्टननं खिशातून किल्ली काढली. बेकरीवाल्याची स्वतःची पावाची गाडी होती, त्याला मोठं वाहन चालवता येत होतं. किल्ली त्याच्या हातात ठेवताना कॅप्टन म्हणाला, "क्लच जरा जड आहे. घाई करू नका."

मग सवयीनं तो ड्रायव्हरच्या दाराकडे निघाला, अर्ध्यात थांबला, आणि वळसा घालून मुलांच्या दारानं वर चढला. पहिल्या सीटवर, खिडकीशी, गुडघे जवळ घेऊन बसला. मावशी त्याच्या मागोमाग चढली. तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं, आणि नजर काढवतही नव्हती. आता हा आपल्याशी आयुष्यात बोलणार नाही, असं तिला वाटत होतं.

बाई मागे बसल्या. बेकरीवाल्यानं गाडी सुरू केली आणि वाट बघत राहिला.

तिनं दोरी धरली. एकदा ओढली. दुसऱ्यांदा ओढायला हात उठेना.

"वाजव, मावशी," कॅप्टन खिडकीबाहेर बघत म्हणाला. मग त्यानं मान वळवली आणि हळू आवाजात, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि मला हाका मारत राहा. त्याच नावानं. मला भीती वाटतेय गं."

तिनं घंटी वाजवली, आणि त्याच्या शेजारी बसून त्याचा हात धरला.

"बाळ्या," ती म्हणाली.

"हं."

बस फाटकाबाहेर पडली. थोडं पुढे गेल्यावर तिनं पुन्हा हाक मारली.