लाल रोल, पांढरा रोल

आधीच सांगते, कुणाला काही झालं नाही. म्हणजे तुम्ही निवांत ऐकाल. मला त्या दिवशी असं सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे दीड तास माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मी वैशाली भोईर. राहते जुईनगरला, कामाला पावण्याच्या एमआयडीसीत. सुधीरसरांची छोटी केमिकल कंपनी आहे, तिथे डिस्पॅच, म्हणजे माल पाठवायचं काम, बघते. आमचा माल दोनच जातींचा, चिकटवायचा गोंद आणि त्याला कडक करणारं हार्डनर. दोन्ही सारख्याच निळ्या पिंपांतून जातात. गोंद गरीब, हाताला लागला तर धुतला की निघतो. हार्डनर लागलं तर कातडी सोलवटून निघते. म्हणून गोंदाच्या पिंपावर पांढरं लेबल आणि हार्डनरवर लाल काठाचं. त्यावरचं बारीक इंग्रजी आमच्याकडे कुणी वाचत नाही आणि माल घेणारेही वाचत नाहीत. सगळे रंग बघतात.

माझ्या टेबलावर लेबलांचे दोन प्रिंटर आहेत, एकाच मॉडेलचे. एकात पांढरा रोल, एकात लाल. पूर्वी दर लेबलाला यादी उघडून प्रिंटर निवडायला लागायचा. घाईत चुकीच्या नावावर बोट पडायचं आणि पॅकिंगच्या शालनताई तिकडून ओरडायच्या, "अगं वैशाली, ह्ये लाल आलं की!" शालनताई साताऱ्याच्या, आवाज अख्ख्या गाळ्यात घुमतो. रोजची दहा-पंधरा लेबलं कचऱ्यात. मला त्या प्रकाराचा इतका वैताग आला, की व्हिडिओ बघून बघून मी लेबलं छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. मालाचा कोड सातने सुरू होत असेल तर लेबल 'लाल' नावाच्या प्रिंटरला पाठव, नाहीतर 'पांढरा'ला. बस, सहा ओळी. बटण एकच दाबायचं, निवडायचं काही नाही. पहिल्यांदा चालली तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. बारावी पास बाईने लिहिली होती ती, का नाही नाचणार?

"शालनताई, आता रंग बघत बसायचं नाही," मी ऐटीत सांगितलं. "मशीनमधून निघेल ते चिकटवायचं. बघायचं काम स्क्रिप्टचं."

"आन् ती चुकली तर?"

"ती काय माणूस आहे चुकायला?"

हे बोलणं आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सहा महिने सगळं मस्त चाललं. मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे काम अर्धा दिवस, बाकी पूजा. मिक्सर, वजनकाटा, टेम्पो, पाना-पक्कड, सगळ्यांना हळदकुंकू. माझ्या प्रिंटरना मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मीच वायरी काढल्या, दोन्ही प्रिंटर पुसले, झेंडूच्या माळा घातल्या, नमस्कार केला. मग वायरी जागच्या जागी घातल्या. म्हणजे मला तसं वाटलं. मागे वाकून, घरी जायच्या घाईत, न बघता घातल्या.

दसऱ्याची सुट्टी झाली. त्यानंतरच्या सकाळी मी साडेनऊला पोचले, तर तळोज्याच्या कंपनीचा माल शालनताईंनी नऊलाच भरून पाठवलेला. बारा पिंपं हार्डनर. ऑर्डर मी आधीच चढवून ठेवली होती, त्यांना फक्त बटण दाबायचं होतं. मला बरंच वाटलं, चहा प्यायले. अकराच्या सुमाराला गोंदाची लेबलं काढायला बटण दाबलं आणि मशीनमधून लाल काठाचं लेबल बाहेर आलं.

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी रोल बदलला. मग मागे वाकून वायरी बघितल्या. ह्या जातीच्या प्रिंटरला स्वतःची ओळख नसते. कॉम्प्युटरला फक्त एवढंच कळतं, की वायर कुठल्या खाचेत घातलीय. आपण दिलेलं नाव त्या खाचेला चिकटतं, प्रिंटरला नाही. मी पूजेनंतर वायरींची अदलाबदल केली होती. स्क्रिप्ट बिचारी सांगितलं तेच करत होती.

"शालनताई! सकाळच्या पिंपांना कुठली लेबलं लावली?"

"पांढरी. निघाली तीच लावली," त्या म्हणाल्या. "तूच बोललीस न्हवं, बघायचं न्हाई म्हनून?"

मी फोन उचलला. टेम्पो सयाजीमामांकडे. त्यांचा नियम असा, की स्टिअरिंग हातात असताना फोनला हात लावायचा नाही. एरवी आम्हाला त्यांच्या ह्या नियमाचं कौतुक, त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले ते सांगत नाही. तळोज्याच्या स्टोअरला लावला. कुणीतरी उचलला, "गाडी आली मॅडम, खाली करताहेत," म्हणाला. मी "झाकण उघडू नका" म्हणून ओरडते आहे तोवर फोन कट. परत लावला तर उचलेना. मेसेज टाकला, तो कुणी बघेना.

मी सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. वायरी मी घातल्या, बघू नका असं मी सांगितलं, चूक माझी. मला वाटलं, आता नोकरी गेली. सरांनी गाडीची किल्ली उचलली. "बस," एवढंच म्हणाले.

वाटेत ते स्पीकरवर सारखे फोन लावत होते आणि पलीकडे नुसती रिंग जात होती. कळंबोलीला ट्रकांची ही रांग. मी पुढच्या सीटवर बसून देवाला नवस बोलत होते, आणि डोळ्यांसमोर मात्र भाजलेले हात येत होते. तळोज्याच्या त्या कंपनीत मी एकदा गेले होते. तिथे बायका पिंपातून मगाने माल काढून मापून देतात. गोंद असेल तर हातमोजे घालत नाहीत, कारण मोजे चिकटतात आणि काम रखडतं. लाल लेबल दिसलं तरच घालतात. पांढरं लेबल म्हणजे उघडा हात आत. नोकरी जाते तर जाऊ दे, पण कुणाचा हात जाऊ देऊ नको, असं मी तोंडाने पुटपुटत होते.

गेटमधून आत शिरलो तर आवारात ही गर्दी. मधोमध सयाजीमामा एका पिंपावर ठाण मांडून बसलेले, आणि समोर स्टोअरचा माणूस तणतणत होता.

"अहो, उतरा ना! लाइन थांबलीय आमची!"

"थांबू दे," मामा म्हणाले. "चलनावर सातचा आकडा हाय. सातच्या पिंपाला लाल काठ असतोय, वीस वर्सं झाली बघतोय मी. ह्येला न्हाई. आमच्या वैशालीला इचारल्याबिगर झाकान उघडू द्यायचो न्हाई, काय करायचं ते करा."

"मग फोन करा ना तिला!"

"मोबाइलची ब्याटरी संपली. तुमी लावा."

मी गाडीतून उतरले आणि रडू की हसू कळेना. "मामा, हार्डनरच आहे!" मी ओरडले. "लेबलं चुकलीत! झाकण उघडू नका!"

स्टोअरवाल्याचा चेहरा उतरला. मामांनी मांडीवर थाप मारली, "मी काय म्हनत हुतो?" हुश्श, म्हणून मी तिथेच खाली बसणार होते. पण सवयीने पिंपं मोजली. अकरा होती. परत मोजली. अकराच.

"मामा, बारावं?"

मामांची थाप मांडीवरच राहिली. "ते पहिलं उतरलं. माझं ध्यान जायच्या आधी आत गेलं की गं..."

मी पळाले. माल मापायची शेड माहीत होती म्हणून बरं. वाटेत कुणाला तरी धक्का लागला, मागे बघितलं नाही. आत नळापाशी एक बाई उभी होती. शेजारी आमचं निळं पिंप, पांढरं लेबल लावलेलं, झाकण उघडं, बाजूला मग ठेवलेला.

"हात घातलात का?" मी तिचं मनगटच पकडलं. "ताई, हात घातलात का ह्याच्यात?"

"नाही ओ, अजून कुठे?" ती दचकली. "ह्या काढतेय ना." तिने दुसरा हात पुढे केला. साबणाचा फेस आणि हिरव्या बांगड्या. नवरात्रात भरलेल्या, आणि घट्ट. "मालाने खराब होतात म्हणून काढून ठेवते. पण कासाराने इतक्या टाइट भरल्यात, की निघता निघेनात. अर्धा तास झाला, सुपरवायझर दोनदा ओरडून गेला."

नळाच्या कडेवर चार बांगड्या काढून ठेवल्या होत्या. त्या हातात तीन अजून बाकी होत्या. तिच्या बोटांवर, तळव्यावर, कुठे म्हणजे कुठे काही नव्हतं. नुसता साबण. मी तो हात उलटा केला, सुलटा केला, आणि मग दोन्ही हातांत धरून हमसाहमशी रडायला लागले.

"अगं बाई, काय झालं?" ती घाबरून म्हणाली. "ताई, कोण तुम्ही?"

मी सांगितलं. पिंपात काय आहे ते, आणि त्यावर लेबल कुणामुळे चुकलं तेही. मला शिव्या मिळतील ह्या तयारीने उभी राहिले. ती पिंपाकडे बघत राहिली, मग स्वतःच्या हाताकडे. तिचं नाव राजलक्ष्मी, हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात दारातून सुपरवायझर ओरडला, "निघाल्या का त्या बांगड्या?"

"नाही निघाल्या," राजलक्ष्मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडली. मग कडेवरच्या चार बांगड्या उचलून तिने माझ्या हातात दिल्या आणि साबणाचा हात पुढे केला.

"चढवा परत," ती म्हणाली. मी एकेक करून चारही चढवल्या, एकही फुटली नाही.