विमानाच्या नाकाची फळी

"उडवायला जवळजवळ तयार," असं त्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. ह्या 'जवळजवळ'ची मला भयंकर चीड आहे. जवळजवळ शिजलेला भात कोणी पानात वाढत नाही, पण रिमोटवरचं चार फुटी विमान मात्र बिनदिक्कत विकतात. पंख स्क्रूने बसवा, शेपटी लावा, बॅटरी घाला आणि उडवा! आत कुठे गोंद लावलाय आणि कुठे नाही, हे वरच्या चकचकीत फिल्ममुळे कुणाच्या बापाला दिसणार?

विमान माझं नव्हतं, धर्माचं होतं. धर्मा वर्सोव्याचा कोळी, माझा तीस वर्षांचा दोस्त. मी अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर होतो, तो होड्या बांधायचा. हलक्या लाकडाची विमानं करायचा माझा नाद निवृत्तीनंतर त्यालाही लागला. एकेक विमान करायला आम्हाला चार-चार महिने लागत. "किती दिवस लाकूड घासत बसशील, बाबा?" म्हणत यंदा त्याच्या मुलाने, प्रज्योतने, हे तयार विमान आणून दिलं.

विमानतळामुळे आमच्याकडे उडवता येत नाही, म्हणून वसईपुढच्या एका क्लबच्या मैदानावर गेलो. तिसऱ्या फेरीला विमान वळलं, त्याचं नाक एकदम आभाळाकडे गेलं आणि ते धपकन खाली आलं. मोटर दहा हात लांब पडली होती. आपटून निघाली असणार, असं सगळ्यांनीच धरलं. आणि पहिलं वाक्य माझ्याच तोंडून गेलं, "हात हलला काय रे तुझा?"

धर्मा तुकडे गोळा करायला लागला. पण गोष्ट घरी पोचली. त्यांची बोट खाडीत शिरताना सुकाणू अजून धर्माच धरायचा. तिथे गाळ आहे, खडक आहेत, वीतभर चुकलं तर वाट लागते. प्रज्योत म्हणाला, "बाबा, आता तू राहू दे. बोट मी आणीन आत." धर्माने मान हलवली. त्या दिवसापासून तो चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरायला लागला. ते बघून माझ्या जिवाची आग झाली, आणि मोडकं विमान पिशवीत घालून मी त्याला ते जिथून आणलं त्या दुकानात ओढत नेलं.

दुकानदार हर्षदने पिशवीत नुसतं डोकावून बघितलं. "काका, विमान आपटलं की मोटर निघतेच ना! एवढी विकली, एक कम्प्लेंट नाही. वय झालं की हात थरथरतात, त्याला आम्ही काय करणार?"

माझं डोकंच फिरलं. "माल तपासायच्या आधी माणसाचे हात तपासतोस होय रे? लाज नाही वाटत?"

धर्मा हात खिशात घालून उभा होता. मी त्याच्याकडे वळलो. "होडी पाण्यात घालायच्या आधी तू काय करतोस?"

"ठोकून बघतो," तो हळूच म्हणाला.

"मग हे का नाही बघितलंस?"

"दुसऱ्याचे हातचा काम हाय, नंद्या. आपण ठोकला का त्याचा अपमान होतो."

ही धर्माची जुनी रीत. दुसऱ्या कारागिराने बांधलेल्या होडीला तो कधी बोट लावत नाही. आणि तोच मान त्याने ह्या खोक्यातल्या मालाला दिला होता! ज्याला करणाऱ्याचं नावसुद्धा नाही, त्याला!

"अपमानाचं मी बघतो," मी म्हटलं. "हर्षद, असलंच दुसरं खोकं उघड."

दोन गिऱ्हाइकं बघत होती, त्यामुळे त्याला उघडावं लागलं. धर्माने हात खिशातून बाहेर काढले. बोटाच्या पेराने टकटक करत, कान जवळ नेत तो पंखावरून पुढे सरकत गेला. पंख ठीक होते. नाकाशी, जिथे मोटर बसवायची फळी असते, तिथे तो थांबला. पुन्हा दोनदा ठोकलं.

"हे पोकळ हाय," तो म्हणाला आणि त्याने अंगठ्याने फळी जराशी दाबली.

फळी मोटरसकट त्याच्या हातात आली. मागे मधोमध वाटाण्याएवढा गोंदाचा ठिपका होता. कडा कोऱ्या करकरीत. आमचीही मोटर अशीच हवेत सुटली असणार, म्हणून तर हलकं झालेलं नाक आभाळाकडे गेलं होतं. एका गिऱ्हाइकाने हातातलं खोकं गपचूप परत मांडणीवर ठेवलं.

"नवीन पीस देतो ना, काका," हर्षद म्हणाला.

"विमान नको मना," धर्मा म्हणाला. "माझे पोराला फोन लाव. त्याला सांग, चूक कोणाची ती."

हर्षद फोनवर आधी कंपनी, ट्रान्सपोर्ट, दमट हवा असं काहीबाही बडबडला. धर्मा त्याच्याकडे नुसता बघत राहिला. शेवटी हर्षद म्हणाला, "तुमच्या बाबांची चूक नव्हती. फळी नीट चिकटवलेलीच नव्हती."

हर्षदने फोन स्पीकरवर टाकला. मग प्रज्योतचा आवाज आला. "बाबा, उद्या पहाटे बोट निघते. येताना सुकाणू तूच धर."

परतताना रिक्षात मी नुसता उकळत होतो. "बघितलंस ना? न बघताच म्हणे वय झालं, हात थरथरतात!"

"तो काल-परवाचा माणूस," धर्मा म्हणाला. "हाताचा पहिला तूच बोललास, नंद्या."

सिग्नल सुटून रिक्षा पुढे निघाली तेव्हा कुठे मला "चुकलो रे" म्हणता आलं.

धर्माने पेराने माझ्या गुडघ्यावर दोनदा टकटक केलं, कान थोडा कलता केला, "पोकळ नाय," म्हणाला आणि मग बाहेर बघत बसला.