‘उलटी छत्री’ची पेटी

या घरच्या लेकीनं वर्षानुवर्षं माझ्या डोक्यावर कोरफडीची कुंडी ठेवली. मी ब्र काढला नाही. पण परवा तिनं कुणालाही न विचारता माझं पोट उघडलं. हे मात्र मी खपवून घेणार नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, गिटारचा आवाज मोठा करणारी. कापड फाटलंय, एक बटण गेलंय, ऐट तेवढी शाबूत आहे. कपाळावर पांढऱ्या रंगात लिहिलंय, ‘उलटी छत्री’. ते आमच्या बँडचं नाव. तुम्ही ऐकलं नसेल. एकच तबकडी निघाली, तीही दुकानदारानं दुसऱ्यांच्या मागे दडवली.

बँड तिघांचा. गिटारवाला, गाणारी त्याची थोरली बहीण आणि ड्रम बडवणारा शिंपी. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, ओल्या चादरींच्या मधोमध सराव चाले. माझ्यात जन्मापासून एक खोट. बटण दाबलं की मी सारखी ‘घुंऽऽ’ करायची. दुसऱ्या कुणी मला भंगारात घातलं असतं. या खुळ्यांनी माझ्या घुंलाच आपला सूर मानलं! गिटारवाला तारा त्यावर जुळवी. प्रत्येक गाण्याआधी सगळे गप्प उभे राहत. ताई डोळे मिटून मला ऐके आणि तिथूनच पहिला शब्द उचले. बाकीच्या बँडांपेक्षा आम्ही केसभर वरच्या सुरात वाजायचो, आणि पत्ता कुणाला होता? पण काय वाजायचो! लाँड्रीतल्या बायका तापलेल्या इस्त्र्या हातात घेऊनच दारात येऊन थिजत.

मग संसार आले, सराव सुटला, मी कुंडीखाली गेले.

गिटारवाल्याची लेक रेडिओ दुरुस्त करते. बापाचा बँड तिनं कधी समोर ऐकलाच नव्हता. आता ताई कायमची दूर मुलाकडे राहायला निघाली, म्हणून लेकीनं तिघांना घरी जमवलं. एकदाच वाजवा म्हणाली.

ताईनं डोळे मिटले. खोली गप्प. मीही गप्प.

“अगं, ही बोलत का नाही?”

“आत्या, तिची घरघर काढली मी. जुना कंडेन्सर बदलला. आता बघ कशी स्वच्छ वाजेल!”

“काढलीस?” शिंपी ओरडला. “आमचा चौथा गडी होता तो!”

“घे गं ताई अंदाजानं,” गिटारवाला म्हणाला.

ताईनं घेतलं. आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला.

“फोनवर सूर लावून देऊ, आत्या?”

“फोन होता का तेव्हा आमच्यात?” ताईनं पर्स उचलली. “राहू दे रे. सरलं ते. उगाच म्हातारपणी हसं नको.”

लेकीचा चेहरा उतरला. पण पोरगी वाद घालत बसली नाही. कचऱ्याच्या डब्यातून माझा जुना कंडेन्सर शोधला आणि तिथंच जमिनीवर बसून डाग देऊन पुन्हा माझ्या पोटात जोडला. बटण दाबलं.

घुंऽऽ.

ताईची पर्स खुर्चीवर गेली. आणि मित्रांनो, काय सांगू! तो आवाज त्या थकल्या गळ्यातून असा उठला की खिडकीच्या काचा थरथरल्या. शिंप्याचे हात तरुण झाले. गिटारवाला रडत होता, पण एक तार चुकला नाही. आणि लेक? डाग द्यायची तापलेली कांडी हातात तशीच धरून उभी, तोंड उघडं. थेट लाँड्रीतल्या बायकांसारखी!

मित्रांनो, जुन्या वस्तूची खोड मोडण्याआधी, ती ज्यांनी जन्मभर वापरली त्यांना एकदा विचारत जा.

गाणं संपलं. लेकीनं माझ्या कपाळावरची धूळ ओढणीनं पुसली. तेव्हा मी माझ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला सुनावलं, “पोरी, हात तुझा सोन्याचा आहे. यापुढे आधी कान लाव, मग हात घाल. आणि ती कुंडी खिडकीत ठेव.”