क्रियाशाळेचं पारदर्शक छत

अकरा महिने मी एकच प्रश्न विचारत होते. "या चौकात असं काही होतं का, ज्याला उघडं आकाश लागतं?" बैठकीत विचारला, नकाशा पसरून विचारला, शेवटी लेखी विचारला. विश्वस्त, गुरुजी, झाडलोट करणाऱ्या बाई, सगळ्यांचं उत्तर एकच. काही नाही. घाला छत.

घातलं मग. भोसले घाटाच्या वरच्या अंगाची ही दगडी क्रियाशाळा दोनशे वर्षांची. बनारसमधली मराठी कुटुंबं आपल्या माणसांचे दिवस इथे करतात. गंगा चढून घाट बुडाले की सगळी गर्दी या चौकात, आणि डोक्यावर पाऊस. काचेचं छत जुन्या खांबांना झेपलं नसतं. म्हणून मी पारदर्शक प्लास्टिक फिल्मच्या गाद्या बसवल्या. दोन थर, मध्ये हवा, आणि एक गादी दोघांनी सहज उचलावी एवढीच जड. कबुतरं शिरू नयेत म्हणून छत आणि भिंतींमधल्या मोकळ्या जागेत बारीक जाळी लावली. ती माझी खास कल्पना. उद्या सकाळी तपासणीची समिती यायची होती.

आणि आज इंदू देवधर आईचा दहावा करायला बसली होती. बँकेतल्या बदलीने बनारसला आलेली, एकुलती एक. ढुंढिराज गुरुजींनी पिंड मांडले, मागे सरकले आणि सवयीने वर पाहिलं. मीही पाहिलं.

कावळा आला होता. छतावर पावसात उभा होता. त्याची नखंसुद्धा खालून दिसत होती. मान वाकडी करून तो पिंडांकडे बघत होता.

"गुरुजी!" मी ओरडलेच. "अकरा महिने विचारत होते मी!"

"अहो ताई, नक्शात कौवा दाखवला होतात का?" गुरुजीही तापले. "छत पारदर्शक म्हणालात. मला वाटलं, आकाश दिसतंय, तर सगळं ठीकच."

मी तरी कुठल्या तोंडाने भांडणार? माझ्या आजोबांच्या दहाव्याला मी स्वतः अडीच तास कावळ्याची वाट बघत बसले होते. 'पक्षी आत येणार नाहीत' हे वाक्य मात्र तीन अहवालांत अभिमानाने लिहिलं. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

खाली इंदू हात जोडून कबूल करत होती. "आई, मामाशी अबोला सोडते. तुझी पोथी रोज वाचते." वर कावळा फिल्मवर चोच मारत होता आणि प्रत्येक टोचीला मी भोक पडलं का ते बघत होते.

पिंड बाहेर न्यावेत तर घाट पाण्याखाली, आणि गल्लीत कुत्री टपलेली.

"बेटा, दर्भाचा कावळा करू," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात आहे ते. बिलकुल चालतं."

"खरा आलाय ना, गुरुजी? तो बघा." इंदूचा आवाज चिरकला. "आईची एक इच्छा मी मोडली आहे. ती आता पुरी होणार नाही. ती येऊन शिवली तरच मला कळेल की ती रागावलेली नाही. गवताने नाही कळणार."

मग मी काय करणार? चडफडत वरच्या सज्ज्यात गेले आणि हातभर जाळी कापली. अर्धा तास गेला. शेवटी कावळा त्या फटीतून आत आला, चौकात उतरला आणि मधल्या पिंडाला शिवला.

इंदू हमसून हमसून रडली. गुरुजींनी डोळे मिटले. जाळी संध्याकाळपर्यंत शिवून होईल, असा हिशोब मी लगेच केला.

कावळा उडाला तो सरळ वर, आकाशाकडे. धाडकन फिल्मवर आपटला. खाली आला, पुन्हा उडाला, पुन्हा आपटला. फट बाजूलाच होती, पण त्याला वरचा उजेडच दिसत होता.

"ताई!" इंदू धावत माझ्याकडे आली. "सतरा दिवस आयसीयूत होती हो ती. काचेतून रोज एकच खूण करायची, मला घरी ने. मी म्हणायचे, उद्या. काढा तिला. आत्ताच्या आत्ता काढा!"

मी सज्ज्यात पळाले, हाताला आलेल्या गादीत चाकू खुपसला आणि दोन्ही थर या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडले. हवा निघून गेली, फिल्म लोंबायला लागली, पाऊस थेट चौकात आला. कावळा त्या पावसातूनच वर गेला.

इंदू भिजत उभी होती.

"जा आई," ती म्हणाली. "घरी जा."